माटोळीखाली सिलिंडर हेड

साठ अश्वशक्तीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायला थोडा कोडगेपणा लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे. माझी सॅन स्टॉर्म दोन सीटची, फायबर बॉडीची, छप्पर काढता येणारी; पोटात रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. उभी असली की पर्यटक शेजारी उभे राहून फोटो काढतात. चालू लागली की तेच पर्यटक भाड्याच्या स्कूटरवरून पुढे निघून जातात. गोव्यातल्या फर्मागुडीच्या चढावर एकदा एक मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरचा टॅक्सीवाला, मला मागे टाकून गेला. त्याच्या मागे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर फणस. फणसाचं मला काही वाटलं नाही. गिऱ्हाइकाने वळून हात हलवला, ते लागलं.

माझा भाचा त्याच फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकतो. "मामा, कॉम्प्रेशन रेशो वाढवूया," तो म्हणाला. ज्या सहजतेने आपण आमटीत मीठ वाढवतो, त्या सहजतेने म्हणाला.

प्रकार तसा सोपा आहे. पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जितकी जागा असते, तिला पिस्टन माथ्यावर गेल्यावर उरलेल्या जागेने भागायचं. उत्तर येतं तो रेशो. उरलेली जागा जितकी कमी, तितकं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि तेवढ्याच पेट्रोलात जास्त काम होतं. आमचा होता साडेनऊच्या आसपास, करायचा होता साडेदहा. माझ्या एका सिलिंडरात पिस्टन 287 सीसी हवा ढकलतो आणि वर उरते जेमतेम 34 सीसी. ती 30वर आणायची. मी घरातल्या खोकल्याच्या औषधाचा चमचा काढून पाहिला, तो 5 सीसीचा. म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं ते चमचाभरसुद्धा नसलेल्या जागेसाठी. त्यासाठी हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, खालचा पृष्ठभाग जवळजवळ एक मिलिमीटर घासायचा. बस.

"किती दिवस लागतील?" मी मेस्तांना, म्हणजे आमच्या मेकॅनिकला, विचारलं.

मेस्तांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले आणि म्हणाले, "फाल्यां." कोकणीत याचा अर्थ उद्या. गॅरेजमध्ये या उद्याला तारीख नसते, हे गोव्यात लहान मुलालाही कळतं.

हेड उतरलं पावसाळ्यात. मेस्तांच्या गॅरेजचं छप्पर गळत होतं आणि मापं घ्यायला सपाट, कोरडी जागा हवी होती. त्यामुळे हेड आमच्या वसरीवरच्या, म्हणजे ओसरीवरच्या, टेबलावर आलं, पालथं. भाच्याने कॉलेजातून ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची काचेची नळी, आणली. प्रत्येक ज्वलनकक्षावर, म्हणजे मिश्रण पेटतं त्या खळग्यावर, ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची, भोकातून द्रव सोडायचा आणि किती मावतो ते ब्युरेटवर वाचायचं. पट्टीखाली एक बुडबुडा हमखास अडकतो. तो बाहेर काढायला आम्ही हेड एका बाजूने उचलायचो, की दुसऱ्या बाजूने पाणी गळायचं, की पुन्हा पहिल्यापासून. पाण्याची रेघ दिसत नाही म्हणून भाच्याने फ्रिजमधून कोकमाचं आगळ आणलं. रंग सुरेख आला. मेस्त कसलासा बोल्ट न्यायला आले होते, ते किंचाळलेच. "आगळाने तांब्याची भांडी घासतात, बाब! ॲल्युमिनियमला काय होईल?" आम्ही घाईघाईने हेड धुतलं. त्या रात्री सोलकढी नव्हती आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

बायकोची अट एकच होती, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आत ते लोखंड घराबाहेर गेलं पाहिजे. मी म्हटलं, लोखंड नव्हे, ॲल्युमिनियम. "मग भंगारात भाव चांगला येईल," ती म्हणाली.

हेड फेसिंगसाठी, म्हणजे पृष्ठभाग घासून घ्यायला, नेलं ते कुंडईजवळच्या एका वर्कशॉपात. त्या माणसाची उमर खाणीच्या टिप्परची इंजिनं करण्यात गेलेली. 2012मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो बार्जची इंजिनं, भाताच्या गिरण्या, काय मिळेल ते करत होता. माझं हेड त्याने एका हाताने उचललं आणि आधी उरलेला भाग कुठे आहे असं विचारलं. मग रेशो विचारला. मी अभिमानाने सांगितलं, साडेदहा करतोय. "टिप्परला सतरा असतो," तो म्हणाला, "आणि तो दगड वाहतो." डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटवायचं असतं, पेट्रोल तसं पेटू द्यायचं नसतं, हे मी त्याला समजावू लागलो. तो शांतपणे ऐकत होता आणि मशीन लावत होता. मशीनचा घास बसला आणि चांदीसारखा वर्ख उडू लागला तेव्हा मी बोलायचं थांबलो. आता मागे वळायची सोय नव्हती. काढलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही.

एवढं झाल्यावर भाच्याला आठवलं की हेड खाली आलं म्हणजे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ आले. ते आदळले तर सगळंच संपलं. उपाय असा: पिस्टनवर मऊ मातीचा थर द्यायचा, हेड तात्पुरतं बसवायचं, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, परत उघडायचं आणि मातीत व्हॉल्व्ह उमटलाय तिथे ब्लेडने कापून थराची जाडी मोजायची. माती कुठली आणायची? चवथ तोंडावर. शेजारच्या चित्रशाळेत मूर्तींचं शेवटचं रंगकाम चाललं होतं. मी मूठभर शाडू मागितला. मूर्तिकाराने भक्तिभावाने दिला. कशासाठी ते मी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. अंतर पुरेसं निघालं. पण हेडखाली बसणारं नवं गॅसकेट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, मुंबईहून कुरियरने यायचं होतं. ते चवथीच्या आधी आलं नाही.

त्यामुळे गणपती आले तेव्हा हेड घरातच होतं, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या, एका कोपऱ्याखाली, जुन्या शेल्यात गुंडाळलेलं. वरून कांगलां, नारळ, सुपाऱ्यांचे घोस लोंबत होते. आरतीत घुमट हे मातीचं वाद्य वाजलं की व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेटही हलके किणकिणायचे. काणकोणच्या आत्याने शेला उचलून पाहिलं. "यंत्रांची पूजा खंडेनवमीला असते ना रे?" म्हणाली आणि घरात आहेच तर म्हणून जास्वंदीचं एक फूल ठेवून गेली. तिसऱ्या नंबरच्या व्हॉल्व्हवर. मेस्तांनी नंतर ते फूल काढलं, पण टाकलं नाही.

इंजिन जोडून झालं. आता राहिलं पेट्रोल. कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि इंजिनातून कट-कट आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला जास्त ऑक्टेन, म्हणजे स्वतःहून न पेटण्याची पेट्रोलची ताकद, हवा. साधं पेट्रोल 91चं असायचं, महागडं 95चं. हल्ली पेट्रोलात इथेनॉल मिसळतात. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने नॉकिंगच्या बाबतीत ते माझ्या बाजूचं, आणि जुन्या रबरी पायपांच्या बाबतीत विरोधी पक्षाचं. शेजारच्या काकांना इथेनॉल शब्द कळताच त्यांनी उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, सुचवला. पण उर्राकात पाणीच जास्त. फेणीतही निम्म्याहून अधिक पाणीच. काकांनी हे आयुष्यभराच्या फसवणुकीसारखं ऐकलं.

चाचणीसाठी मोल्लेहून अनमोड घाट निवडला. शेजारच्या सीटवर भाचा, मांडीवर वही. हवा दमट होती. दमट हवेत नॉकिंग थोडं कमी होतं, त्यामुळे पाऊस आमच्या पक्षात होता. चढावर तिसरा गियर, पाय पूर्ण खाली. कान टवकारून आम्ही दोघं कट-कट ऐकायला बसलो. काही नाही. गाडी चढत होती, आणि खरंच बरी चढत होती. मला तर ती झेपावल्यासारखी वाटली.

"किती वाढली रे?" मी विचारलं.

भाच्याने ऑटो सायकलचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राचं, सूत्र मांडून ठेवलंच होतं. साडेनऊला आदर्श कार्यक्षमता सुमारे 59.4 टक्के, साडेदहाला 61. म्हणजे होतं त्याच्या पावणेतीन टक्के जास्त. साठवर पावणेतीन टक्के म्हणजे सुमारे 1.6 अश्वशक्ती, तीही कागदावर.

"दीड घोडा?"

"दीडच्या थोडा वर." मग तो थोडा थांबला. "मामा, गाडी आणि आपण मिळून नऊशे किलो धरले तर वीस-पंचवीस किलो वजन कमी करूनही हाच फरक पडला असता." त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं नाही, हे त्याच्या आईचे संस्कार.

परत आल्यावर मेस्तांना हिशेब सांगितला. ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते.

"दीड?" पाय म्हणाले. "मग टर्बो बसवूया. तीस-चाळीस सहज वाढतील."

भाच्याचे डोळे चमकले. माझेही.

"फक्त," पाय पुढे म्हणाले, "टर्बोला एवढं कॉम्प्रेशन चालत नाही. आधी ते कमी करावं लागेल. जाड गॅसकेट मागवतो."

"कधी येईल?"

"फाल्यां."