लोकलच्या ब्रेकमधली वीज ‘जळून जाते’? नाही

“नव्या लोकल ब्रेक मारताना वीज बनवतात ही नुसती जाहिरात. ती वीज रेझिस्टरमध्ये (विजेची नुसती उष्णता करणाऱ्या भागात) जळते, ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) परत घेताच येत नाही, आणि घेतली तरी ती किती असणार?” असा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय. रोज लोकलने जाणारेही तो पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

आधी ग्रिडचा मुद्दा. मुंबईच्या लोकलला १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतं तोवर तो बराचसा खरा होता. डीसी सबस्टेशनमधला साधा रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारं यंत्र, वीज एकाच दिशेने सोडतो. ब्रेक लावणाऱ्या गाडीच्या आसपास वीज ओढणारी दुसरी गाडी नसेल, तर त्या विजेला जायला जागाच नसते. पण हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी (दिशा सतत बदलणारी वीज) आहे. ब्रेक लागला की मोटर जनरेटर होते, कन्व्हर्टर तिची वीज ओव्हरहेड वायरच्या ५० हर्ट्झशी जुळवतो, आणि पेंटोग्राफमधून, म्हणजे वायरीला टेकणाऱ्या टपावरच्या सांगाड्यातून, ती वर चढते. जवळची सुटणारी लोकल ती ओढून घेते. उरलेली सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ग्रिडकडे जाऊ शकते, कारण ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांना चालतो.

रेझिस्टरचं उत्तर यातच आलं: वीज तिथे जळायला नाही, वायरीत जाते.

आता “किती?” गाडी आणि माणसं मिळून ७०० टन धरा, वेग ताशी ७२ किलोमीटर. या गतीत सुमारे ३९ युनिट ऊर्जा असते, आणि स्लो लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचं असतं. सगळी परत मिळत नाही, हे मान्य. मोटर सगळ्या डब्यांना नसतात, थोडी वाटेत गळते, आणि शेवटी गाडी उभी करायला हवेचा ब्रेक लागतोच. तरीही रेल्वेने या गाड्यांची बचत ३० टक्क्यांच्या घरात सांगितली आहे. दिल्ली मेट्रोचा असाच प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन योजनेत २००७ मध्ये नोंदला गेला. नुसत्या जाहिरातीवर तिथे नोंद होत नाही. मोजमाप तपासलं जातं.

आणि फक्त लोकलच कशाला? बोरघाटात १:३७ चा उतार आहे. तिथून खाली येणारं थ्री-फेज (याच पद्धतीने ब्रेक लावणारं) इंजिन मागचा भार रोखून धरतं, तेव्हा बराच वेळ सलग वीज वायरीत सोडत असतं.