आजीची तिथी आणि मोजलेले वडे

आमच्या आजीची तिथी श्रावण वद्य दशमी. पुण्यात एवढं सांगितलं की विषय संपतो. इंदुरात तो इथून सुरू होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं गूळपीठ असतं. वद्य लागला रे लागला, की हिंदी पंचांग एक महिना पुढे निघून जातं. त्यामुळे आपली श्रावण वद्य दशमी म्हणजे त्यांची भाद्रपद कृष्ण दशमी. घरातल्या कुणा उत्साही नातवाने पंडितजींना फोनवर ‘श्रावण कृष्ण दशमी’ सांगितलं, तर पंडितजी बरोब्बर महिनाभर आधी दारात उभे राहतात आणि घरात आमसूलसुद्धा नसतं.

अहिल्याबाईंचीही यातून सुटका नाही. त्या १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या, तिथी चतुर्दशी. महाराष्ट्र म्हणतो श्रावण वद्य, इंदूर म्हणतं भाद्रपद कृष्ण. पालखी एकाच दिवशी निघते, एवढंच नशीब. आणि २०२३ सारखं श्रावणच अधिक आला की श्रावण वद्य दशम्या दोन. दरवर्षीचं श्राद्ध निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या महिन्यातलं, हे आजीला तोंडपाठ होतं. आम्ही दरवेळी नव्याने भांडतो.

महिना सुटला की दिवस. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. श्राद्धाला लागते अपराह्णाची. दिवसाचे पाच भाग करायचे आणि चौथा धरायचा. दिवस ६ ते ६ मानला तर एक भाग २ तास २४ मिनिटांचा, म्हणजे अपराह्ण १ वाजून १२ मिनिटांपासून ३:३६ पर्यंत. नवमी सकाळी ११ ला संपत असेल आणि दशमी दुसऱ्या दिवशी १० लाच आटोपत असेल, तर चौकोनात नवमी छापलेली असूनही श्राद्ध त्याच दिवशी. काका लोक इथे मुंबईच्या पंचांगातल्या वेळेत ‘इंदूरची बारा मिनिटं’ वजा करायला बसतात. त्यांना कागद-पेन्सिल देऊ नये. तिथी संपण्याची वेळ भारतभर एकच; गावागणिक बदलतो तो सूर्योदय.

आता पानं. आजीचा हिशेब आमच्या हिशेबात कधी बसलाच नाही. देवाचं एक, पितरांचं एक, गाईचं, कावळ्याचं, गुरुजींचं, घरचे आठ आणि ‘दारावरचे’. हा शेवटचा आकडा ती सांगत नसे. बुधवारी खजराण्याच्या गणपतीच्या पायरीशी भेटलेली बाई, दूधवाला, बोहारीण, ज्याचं नाव तिलाही माहीत नाही असा कुणाचा तरी मेहुणा, सगळे त्यात बसत. ती गेली, पण ही मंडळी तिथी विसरलेली नाहीत. त्यांना कुठलं पंचांग लागतं देव जाणे, पण त्यांची तिथी चुकत नाही. सबब स्वयंपाक मोजलेल्या पानांच्या दुप्पट, आणि शिध्याची पाच ताटं वेगळी: सव्वा किलो कणीक, अर्धा किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळ, गूळ, तूप, मीठ, एक भाजी आणि वर दक्षिणा. यातलं मीठ हटकून राहतं, आणि ते शिधा घेऊन गेलेला माणूस कोपऱ्यावर पोचल्यावर आठवतं. मग मिठाची पुडी घेऊन धावण्यासाठी एक भाचा राखीव ठेवावा लागतो.

खरी परीक्षा उडदाच्या वड्यांची. अर्धा किलो डाळीचे बेताच्या आकाराचे तीसेक वडे होतात. डाळ तीन, फार तर चार तास भिजवायची. ‘राहू दे रात्रभर, सकाळी घाई नको’ हा सल्ला देणाऱ्या आत्याबाईंना वंदन करून डाळ स्वतःच्या ताब्यात घ्यावी. रात्रभर भिजलेली डाळ पाणी पिते आणि तिचे वडे तेल पितात. वाटताना पाणी चमच्याने. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडायचा. तरंगला तर पीठ हलकं झालं, बुडाला तर हाताने आणखी फेटायचं. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ पडलं की पीठ सुटायला लागतं. आजीकडे यातलं काहीच मोजमाप नव्हतं. ती परातीजवळून जाताना पिठाकडे नुसती बघायची आणि सुनेला म्हणायची, ‘अजून थोडं फेट गं, झोपलंय ते.’

भोक शोभेसाठी नसतं. भोक नसलेला वडा बाहेरून तांबूस होतो आणि पोटात कच्चा राहतो, कारण मधोमध पीठ सर्वांत जाड. पिठात हवेची मोठी पोकळी राहिली असेल तर आतली वाफ वाट काढते, वडा फटकन फुटतो आणि तेल मनगटावर येतं. पानाला पाणी लावून वडा थापायचा, ओल्या बोटाने आरपार भोक पाडायचं आणि कढईच्या कडेने हलकेच सोडायचा. उंचावरून टाकणाऱ्याला वर्षभर पुरेल असा डाग मिळतो. आच मध्यम. श्राद्धाचं पान मांडेपर्यंत चव घ्यायची नाही, तेव्हा मीठ बरोबर आहे का हे कळायची सोय नाही. अळणी वडे कावळा खाऊन टाकतो. माणसं बोलून दाखवतात.

खिरीला लिटरभर दुधाला अर्धी वाटी तांदूळ, तुपावर परतून जाडसर केलेला. आजीला ग्वाल्हेरकडचा काळीमूंछच लागे. साखर घालणार असाल तर प्रश्न नाही. गूळ घालायचा तर खीर खाली उतरवून कोमट झाल्यावर, नाहीतर दूध फाटतं आणि पनीर झालं म्हणून कुणीतरी विनोद करतं. आमसुलं मुंबई-पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेतून येतात. ती मुळातच मिठाची असतात, म्हणून चटणीला मीठ चिमूटभरच. आणि कढी आजीच्या पितळी पातेल्यात करायची हौस असेल तर आधी कल्हई पाहावी. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं, आणि घरातला सगळा जिव्हाळा हिरवट दिसू लागतो.

एवढं सोवळ्यात निभावलं की पंगतीच्या टोकाकडून अस्सल इंदुरी प्रश्न येतो: ‘भिया, थोडी सेव मिलेगी?’ श्राद्धाच्या पानाला शेव नसते. मात्र समोरच्या डब्यात असते, हे विचारणाऱ्याला माहीत असतं.

पत्रावळी पळसाच्याच घ्याव्यात. कागदी, आतून प्लॅस्टिक चिकटवलेल्या आणल्यात तर दुसऱ्या दिवशी कचरागाडीवाला ओला की सुका यावर थांबतो, आणि आजीच्या नावाने झालेला सगळा धर्म गल्लीच्या तोंडावर तपासला जातो.

राहिल्या वाती. आजीने एक लक्ष वाती वळून उजवल्या, दुसऱ्या लक्षाला हात घातला आणि मध्येच गेली. बिस्किटांच्या डब्यांत चाळीसेक हजार आहेत. निरांजनाला रोज दोन, म्हणजे वर्षाला ७३०. मोजणारे काकाच, चोपन्न वर्षं पुरतील म्हणतात. परवा दारावर आलेल्या बाईने थोड्या मागितल्या. काकूंनी न मोजता ओंजळभर दिल्या, आणि काकांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे.