पात्रांव, फोकस!

सिनेमा बिघडला की ओरडायचं कुणावर, हा प्रश्न पूर्वी नव्हता. मागच्या भिंतीत वर चौकोनी भोकं असायची आणि त्यांच्यापाठी सिनेमाचं मशीन चालवणारा एक जिवंत माणूस. गोव्यात त्याला हाक "पात्रांव", म्हणजे बॉस. चित्र पुसट झालं की अख्खं थिएटर माना वळवून बोंबलायचं, "पात्रांव, फोकस!" आणि फोकस यायचा.

पात्रांवाचं काम मात्र सोपं नव्हतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे 35 मिलिमीटरची सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म, तीही रिळारिळांत. दोन मशिनं आळीपाळीने चालवायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशिनची मोटार सुरू. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की चित्र तिकडे. नेमकी तेव्हाच बिडी पेटवली की पडदा पांढरा आणि शिट्ट्यांचा पाऊस. मशिनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून त्यांच्यातलं अंतर वाढे. ते वेळेवर सारखं केलं नाही तर भर दुपारचं गाणं तिन्हीसांजेला व्हायचं. फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यापुढच्या चौकटीत, अडकली तर दिव्याच्या उष्णतेने हिरॉइनच्या गालावर तपकिरी फोड उठून पसरायचा. मग जळका भाग कापून जोड मारायचा. सेकंदाला 24 फ्रेम, त्यातल्या काही प्रत्येक जोडात गळायच्या. जुन्या प्रिंटमध्ये खलनायक जिन्यावरून निघायचा तो थेट दरीतच.

2004 साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, पणजीला मल्टिप्लेक्स आलं, पुढे फिल्मही गेली. आता सिनेमा सर्व्हरवर कुलूपबंद असतो. किल्ली म्हणजे एक फाइल: ठराविक सर्व्हरला, ठराविक तारीख-वेळेपुरतीच चालणारी. सर्व्हर बदलला आणि किल्ली जुन्याचीच आली, की सिनेमा घरात आणि आपण दाराबाहेर. मशीन फोडून उपयोग नाही.

त्याहून छुपा छळ थ्रीडी फिल्टरचा. आदल्या शोनंतर तो लेन्सपुढून काढायचा राहिला, की साध्या सिनेमाचा निम्म्याहून जास्त उजेड तिथेच गडप. प्रेक्षक समजतात, दिग्दर्शकाने मूड पकडलाय. इफ्फीत तर त्या अंधारावर चर्चाही रंगेल!

मी मागे वळून पाहतो. भोक आहे, माणूस नाही. शो वेळापत्रकानुसार आपोआप लागलेला. म्हणून उठायचं ते पहिल्या दहा मिनिटांत, आणि दारावरच्या पोराला "अंधुक दिसतंय" म्हणायचं नाही, तो एसी कमी करील. स्पष्ट सांगायचं, "थ्रीडीचा फिल्टर काढा." मध्यंतरानंतर गेलात तर उत्तर ठरलेलं: "आता थोडोच उरला मरे, सर."