मायावतीत देवघर नाही, हे राहिलंच की
उत्तराखंडातल्या मायावतीच्या आश्रमावरचा तुमचा लेख मस्त आहे, पण त्यात "चहाचा मळा होता, मग आश्रम झाला" एवढ्या एका ओळीत आटपलं राजेहो! खरी गोष्ट तर तिथंच आहे न. कॅप्टन सेव्हियर अन् त्यांच्या मिसेस, दोघंही इंग्रज, १८९६ मधे विवेकानंदांसोबत आल्प्समधे फिरले, तिथं स्वामीजी बोलले की हिमालयात असा एक मठ पाहिजे, अन् या नवराबायकोनं लोहाघाटजवळचा तो मळा विकत घेऊन मार्च १८९९ मधे अद्वैत आश्रम उभा केला. पुढच्याच वर्षी कॅप्टन वारले. जानेवारी १९०१ मधे स्वामीजी ऐन थंडीत तिथं पोचले ते बाईंना भेटायला, अन् बाई त्यानंतरही कित्येक वर्षं तिथंच राहिल्या, बोला आता.

अद्वैत म्हणजे देव अन् आपण वेगळे नाहीच, म्हणून तिथं मूर्ती नाही, आरती नाही. स्वामीजींचे गुरू रामकृष्ण यांच्या फोटोची पूजा सुरू झाली होती तर तेही स्वामीजींना आवडलं नाही, शेवटी ते देवघर बंदच झालं.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, आईनं नागपूरहून नैवेद्याला म्हणून डझनभर संत्री बांधून आणली, दोन रेल्वे अन् घाटातली जीप झेलून ती पोचलीही धड, अन् तिथं आई पिशवी घेऊन विचारून राहिली, "गाभारा कुठंय हो?" तिथले एक स्वामी हसले, म्हणाले किचनमधे द्या. रात्री जेवणात सगळ्यांना दोन-दोन फोडी आल्या. आई म्हणे, हे तर आपल्या नागपुरातल्या धंतोलीच्या रामकृष्ण मठापेक्षाही वेगळंच आहे बाप्पा.

अन् हो, राहायचं असेल तर आधी लिहून परवानगी घ्या.