गोंद आणि सोड्याने बंपर जुळत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो व्हिडिओ एव्हाना बहुतेक गाडीवाल्यांपर्यंत पोचला आहे. बंपरच्या तड्यात फेविक्विकसारखा गोंद सोडायचा, वर चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरायचा, की झाला दगड. त्यात दावे चार आहेत आणि चारही तपासायला हवेत.

‘कुठलंही प्लास्टिक जुळतं.’ नाही. बंपर काढून आतली बाजू पाहा. तिथे बहुधा ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ असा ठसा असतो. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर आणि सुमारे २० टक्के टाल्क (एका मऊ खनिजाची पूड). पॉलिप्रॉपिलीन मेणचट असतं, खास प्रायमरशिवाय हा गोंद त्याला धरतच नाही. ग्रिल किंवा आरशाचं कव्हर अनेकदा एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचं असतं आणि तिथे तो छान बसतो, पण म्हणून बंपरलाही बसेल असं नाही. (पाण्यात तरंगलं तर पॉलिप्रॉपिलीन, ही परीक्षाही इथे फसते. टाल्कमुळे तुकडा जड होऊन बुडू शकतो.)

‘जोड नव्याहून मजबूत.’ सोडा अल्कधर्मी असल्याने गोंद क्षणात घट्ट होतो, तापतो आणि कडक बनतो, इथवर खरं आहे. पण बंपर धक्का बसला की वाकावा आणि परत जागेवर यावा, असाच बनवलेला असतो. त्यावर न वाकणारं ठिगळ बसवलं की सगळा ताण ठिगळाच्या कडेला येतो आणि तिथून नवी भेग निघते. काही जण सोड्याऐवजी कापूस वापरायला सांगतात. तो तर मुळीच वापरू नका, कापसावर हा गोंद इतका तापतो की बोट भाजतं.

‘रेडिएटरलाही चालतं.’ हा दावा सर्वांत घातक. रेडिएटरची प्लास्टिक टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. आत ९० अंशांच्या वरचं कूलंट आणि साधारण १ बारचा दाब असतो, तर हा साधा गोंद ८० अंशांच्या आसपासच कमजोर पडू लागतो. घाट चढताना जोड सुटला तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जाऊ शकतं. टाकी फुटली की ती बदलायचीच.

‘गॅरेजची गरज नाही.’ छोट्या तड्यापुरतं हे मलाही मान्य आहे, फक्त रीत वेगळी. भाग काढून साबणाने धुवा, वाळवा. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडा. मागच्या बाजूने इंग्रजी व्हीसारखी खाच करा. सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये बुडवा आणि वरून पॉलिप्रॉपिलीनचीच रॉड वितळवून भरा. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. धूर निघू लागला तर प्लास्टिक जळतंय, आयर्न थंड होऊ द्या. काम उघड्यावर, मास्क लावून करा. रंगाआधी पॉलिश पेपर मारून प्लास्टिक प्रायमरचा हात द्या, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतील.