‘अंथरुणातून उठत नाही त्याच्या हाती ॲप देऊन काय साधणार?’

सायकोसिसमधून (भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटतं तो मानसिक आजार) सावरणाऱ्यांना फोनवरच्या ॲपचा आणि मेंदूच्या सरावाच्या खेळांचा उपयोग होऊ शकतो, या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत: सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर दिवसभर पडून असलेल्या मुलाला ॲप काय उठवणार, आणि स्मरणशक्तीचे खेळ खेळून कोणाला नोकरी लागली?

दुसरा आक्षेप बराचसा मान्य. नुसत्या खेळांनी चाचणीतले गुण वाढतात, कामातली वाढ मात्र आपोआप येत नाही. २०११ साली अशा सरावाच्या ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आकलनक्षमतेवरचा परिणाम मध्यम निघाला. रोजच्या जगण्यात फरक पडला तो मुख्यतः पुनर्वसनाची जोड होती तिथे. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या सरावानंतर लगेच त्याच कौशल्याचं खरं काम द्यावं: तीन वस्तूंची यादी न बघता आणणं, किंवा फोनवर ऐकलेली वेळ लिहून ठेवणं.

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. ‘इच्छाच नाही’ हे निदान घाईचं आहे. असे बरेच जण प्रत्यक्ष क्षणी आनंद घेऊ शकतात. अडतं ते आधी, ‘मजा येईल’ हा अंदाज बांधताना, आणि ‘मला जमणारच नाही’ या समजुतीपाशी. नेमका तो क्षण दवाखान्यात येत नाही, घरी येतो, आणि फोन तिथे हाताशी असतो. कृतीआधी विचारायचं, ‘किती बरं वाटेल, ० ते १०?’ कृतीनंतर पुन्हा विचारायचं. अंदाज २ आणि अनुभव ५, असे आकडे चार-पाच वेळा त्याच्याच हातचे समोर आले की बोलायला आधार मिळतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ या अशाच ॲपच्या चाचणीत ४३ जण होते, कालावधी १२ आठवडे. स्वतः निवडलेलं ध्येय, छोटी आव्हानं, संदेशांतून बोलणारा प्रशिक्षक आणि सोबतीचा गट, असं त्याचं स्वरूप. ॲप अजून न मिळालेल्या, प्रतीक्षायादीतल्यांच्या तुलनेत नैराश्य आणि ‘जमणार नाही’ ही समजूत कमी झाली, आत्मविश्वास वाढला. चाचणीतले लोक थोडे होते हे खरंच. ‘होरायझन्स’ या ऑनलाइन आधार-कार्यक्रमाच्या १७० जणांच्या, १८ महिन्यांच्या चाचणीत तर सामाजिक कार्यक्षमतेत अपेक्षित फरक दिसला नाही. तेव्हा चमत्काराचा दावा कोणी करू नये.

बिघडतं कुठे, तर बहुधा मांडणीत. ‘व्यायाम कर’ हे ध्येय फार मोठं. ‘बूट घालून दारापर्यंत जा’ हे चालेल. सलग दिवस मोजणारी साखळी बंद ठेवा, कारण ती एकदा तुटली की ‘बघा, पुन्हा हरलो’ हाच धडा मिळतो. औषधाची गुंगी असते त्या वेळी सूचना पाठवू नका. तीन दिवस उत्तर नाही आलं, तर सूचना वाढवण्याऐवजी माणसाने फोन करावा. ॲप आपल्यावर नजर ठेवतंय असा संशय त्याला येईल, ही भीती मात्र रास्त आहे: लोकेशन आणि माइक बंद, लॉक स्क्रीनवर आजाराचं नाव नाही, आणि कोणती माहिती कोणाला दिसते ते त्याच्याबरोबर बसून दाखवायचं.

हे सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून एवढं तपासून घ्याच: औषधाची सुस्ती किंवा हालचालींतला ताठरपणा, नैराश्य, गांजा, झोप. कारण यांपैकी असेल तर उपाय तिथे करायचा. औषध मात्र स्वतःहून कमी करू नका. रात्री दोनला आलेला ‘मला जगायचं नाही’ हा संदेश कोण वाचणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवा आणि तातडीचा क्रमांक ॲपच्या पहिल्या पानावर ठेवा.