चालू टेबल बदलू इच्छिणाऱ्यांस हितोपदेश

चालू डेटाबेसमधील टेबलच्या कॉलमचा प्रकार (आत अंक राहतील की अक्षरे, हे ठरवणारा) बदलायचा असल्यास आधी मुहूर्त पाहावा, आणि महिनाअखेरीच्या भर दुपारपेक्षा चांगला मुहूर्त शोधूनही सापडणार नाही. हे काम रात्री दोन वाजता उरकणाऱ्यांचे कौतुक करायला कोणी जागे नसते.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ऑर्डर क्रमांकाचा कॉलम इंटिजरचा (साध्या पूर्णांकाचा) बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा) करायला अल्टर टेबल या टेबल बदलण्याच्या आज्ञेची एक ओळ पुरते. 2,147,483,647 ही इंटिजरची मर्यादा टेबल तयार करतानाच ठाऊक होती, असे कोणी म्हणालाच तर धंद्याची एवढी भरभराट होईल असे कोणाला वाटले होते, असे विचारून त्याला गप्प करावे. ती ओळ सुरू होताच अख्खे टेबल नव्याने लिहिले जाते, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) पुन्हा बांधले जातात आणि ते संपेपर्यंत टेबलला असे लॉक लागते की साधी सिलेक्ट, म्हणजे नुसती वाचण्याची आज्ञासुद्धा ताटकळत राहते. त्यातही कोणाचा अर्ध्या तासाचा रिपोर्ट आधीपासून त्याच टेबलवर चालू असेल तर दुधात साखर. तुमची आज्ञा लॉकची वाट पाहत रांगेत उभी राहते, तिच्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) तिच्यामागे खोळंबते आणि एकही अक्षर न बदलता तुम्ही सगळा कारभार ठप्प केलेला असतो. लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची कमाल मुदत) दोन सेकंदांवर ठेवणाऱ्या भित्र्या माणसांच्या नशिबी हे वैभव नसते.

मायएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्यांनीही खंत करू नये. मॉडिफाय कॉलम ही कॉलम बदलण्याची आज्ञा लिहिताना केवळ नवा प्रकार लिहावा. जुने नॉट नल (रिकामे चालणार नाही, ही अट) आणि डिफॉल्ट (काही न दिल्यास भरायचे मूल्य) पुन्हा न लिहिल्यास ते निमूटपणे गळून पडतात आणि आज्ञा यशस्वी झाल्याचे तुम्हाला कळवले जाते. काही बिनसलेच तर रोलबॅक करू (बदल मागे घेऊ), या भरवशावर निर्धास्त राहावे, कारण तिथे अल्टर टेबल आपोआप कमिट (कायम) होते, हे कळेपर्यंतची शांतता फार मोलाची असते.

खाते क्रमांक व्हारचारमध्ये (अक्षरांच्या प्रकारात) ठेवलेला दिसला, की आकड्यांची जागा अंकांच्या कॉलमात, असे बाणेदारपणे म्हणून त्याचा बिगइंट करावा. '00451207' चे 451207 होते. चूक ध्यानात आल्यावर कॉलम पुन्हा व्हारचार करता येतो. शून्ये परत येत नाहीत, पण कॉलमचा प्रकार तरी पूर्ववत झाला, याचे समाधान मानावे.

कन्स्ट्रेंटच्या (कॉलमवरील अटीच्या) बाबतीत मात्र कठोर व्हावे. ती आधी नॉट व्हॅलिड (जुन्या ओळी न तपासता) म्हणून जोडायची, जुन्या ओळी सवडीने दुरुस्त करायच्या आणि मग व्हॅलिडेट करायची (तपासून घ्यायची), हा सोशिक लोकांचा मार्ग झाला. जन्मतारखेच्या कॉलमला नॉट नल लावताना जुने नल आडवे आले, तर एका अपडेटने त्या सर्वांना 1 जानेवारी 1900 ही तारीख बहाल करावी. पुढे ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीच्या यादीत सव्वाशे वर्षांचे ग्राहक हजारोंनी निघाले, तर यादी काढणाऱ्या विभागाकडे लेखी खुलासा मागावा.